कान्हेरीची पाऊलवाट आणि कल्याणचा नंद कामार

कान्हेरीची लेणी पाहून परतणारे उपासक-उपासिका बहुधा तीन गोष्टींचे वर्णन करतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील भव्य चैत्यगृह, त्याच्या ओसरीतील दोन उत्तुंग बुद्धमूर्ती आणि अकराव्या लेण्यातील दगडी बैठकांच्या लांबच लांब रांगा. ज्या वाटेने ते वर चढून गेले, त्या वाटेविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी पालिचे विद्यार्थी घेऊन प्रस्तुत लेखक तेथे गेला असता, एका विद्यार्थिनीने चढता चढता विचारले, “सगळ्या लेण्यांना क्रमांक दिले आहेत, मग या पायऱ्यांना क्रमांक का नाही?” प्रश्न वरवर पोरकट वाटला, तरी तो पुष्कळ दिवस मनात राहिला. कारण कान्हेरीच्या शिलालेखांत केवळ लेण्यांची दाने नोंदलेली नाहीत. एक दान वाटेचेही आहे.

मुंबईच्या उत्तरेस, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंतच्या डोंगरांवर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. तुळशी आणि विहार हे दोन तलाव याच अरण्यात आहेत. येथे बिबट्याचा वावर आहे आणि वारली आदी आदिवासींचे पाडेही आहेत. कान्हेरीचा डोंगर या अरण्याच्या पोटात असून त्यात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. प्राचीन लेखांत या स्थानाला ‘कण्हसेल’ म्हटले आहे, तर इ. स. १८३९ मध्ये येथे सापडलेल्या त्रैकूटककालीन ताम्रपटात (संवत् २४५, म्हणजे इ. स. ४९४-९५) ‘कृष्णगिरि’ महाविहाराचा उल्लेख आहे. ‘कान्हेरी’ हे त्याच नावाचे रूप होय. उद्यानाच्या प्रवेशभागाला आजही ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणतात. पण तेथे सहलीला आलेल्या शंभरांतील किती जणांना हे नाव एका महाविहाराचे आहे याची जाणीव असते, हा प्रश्नच आहे.

आता त्या लेखाकडे वळू. कान्हेरीच्या लेखांचे ठसे एकोणिसाव्या शतकात घेतले गेले. बर्जेस आणि ब्यूलर यांनी त्यांचे वाचन १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, ल्यूडर्स यांच्या १९१२ च्या सूचीत त्यांची नोंद झाली आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९९१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ते सर्व एकत्र अभ्यासून प्रकाशित केले. या लेखांपैकी एक अगदी त्रोटक आहे. कल्याणचा रहिवासी, नाव ‘नद’ म्हणजे नंद, व्यवसाय ‘कामार’, दान ‘पथ’. एवढाच आशय. राजाचे नाव नाही, संवत्सर नाही, आईवडिलांच्या पुण्याचा उल्लेख नाही. नंद नावाच्या कल्याणच्या एका कामाराने या डोंगरावर एक वाट दिली आणि ते आपले देयधम्म असल्याचे दगडावर लिहवून ठेवले.

‘कामार’ म्हणजे पालितील ‘कम्मार’. धातूचे काम करणारा, प्रायः लोहार. मराठीत हा शब्द मागे पडून ‘लोहार’ उरला. बंगालीत मात्र ‘कामार’ आजही लोहारच आहे. पालि वाङ्मयात हा शब्द येताच प्रथम आठवतो तो पावा नगरीचा चुंद कम्मारपुत्त, ज्याच्या घरी तथागतांनी अखेरचे भोजन घेतले. अट्ठकथा त्याला सुवर्णकाराचा पुत्र म्हणतात, त्यावरून या शब्दाची व्याप्ती केवळ लोखंडापुरती नव्हती हे दिसते. याच चुंदाच्या नावाने सुत्तनिपातात एक छोटे सुत्त आहे. जगात श्रमण किती प्रकारचे, असे चुंद विचारतो. तथागत चार प्रकार सांगतात: मार्ग जिंकलेला, मार्ग दाखवणारा, मार्गावर जगणारा आणि मार्ग दूषित करणारा. चौघांचीही ओळख मार्गावरूनच ठरते. कल्याणच्या नंदाला हे सुत्त ठाऊक होते असे म्हणण्यास काहीही आधार नाही, आणि तसे सुचवण्याचा मोह मी टाळतो. परंतु एका कम्माराला मार्गाचे चार प्रकारचे प्रवासी सांगितले गेले आणि दुसऱ्या एका कामाराने मार्गच दान केला, हा योग अभ्यासकाच्या नजरेतून सुटत नाही एवढे खरे.

वाट ही दान देण्याची वस्तू कशी झाली? याचे उत्तर विनयात आहे. पाचित्तिय नियमांपैकी दहावा भिक्खूला जमीन खणण्यास वा खणवून घेण्यास मनाई करतो, आणि अकरावा जिवंत वनस्पती तोडण्यास. अरण्यात वाट करायची म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी कराव्या लागतात: झुडपे तोडायची आणि जमीन खणायची. म्हणजे ज्या भिक्खूसंघाला वाटेची सर्वांत जास्त गरज होती, त्याला ती स्वतःच्या हातांनी करता येत नव्हती. ती उपासकांनीच करून द्यायची होती. लेणे, पाण्याची पोढी आणि वाट ही तिन्ही कामे अखेर छिन्नी-हातोड्याची, आणि छिन्नी घडवणारा तो कामारच. नंदाने ती वाट स्वतः खोदली की पाथरवटांना द्रव्य देऊन खोदवून घेतली, हे लेख सांगत नाही. पण हत्यारे धार लावण्यासाठी रोज कोणाच्या तरी भट्टीवर जात असली पाहिजेत, हे सांगायला शिलालेखाची गरज नाही.

दुसरे कारण पावसाचे. वर्षावासाचा नियम कसा घालून दिला गेला ते महावग्गात सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत, हिरवे गवत तुडवीत, अनेक बारीकसारीक जीवांचा घात होई. लोक कुरकुर करू लागले की पक्षीसुद्धा या दिवसांत झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण मात्र हिंडतातच. तेव्हा तथागतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याची अनुज्ञा दिली. परंतु एका ठिकाणी राहिले तरी पिंडपातासाठी डोंगर उतरावा लागतो, वरच्या लेण्यातून उपोसथासाठी खालच्या लेण्यात यावे लागते. कोकणच्या पावसात मातीची वाट आठ दिवसांत चिखल होते आणि चालणारा मग शेजारच्या गवतातून नवी वाट पाडतो. खडकात कोरलेली पायरी हे होऊ देत नाही. कान्हेरीत लेण्यांना जोडणाऱ्या पायऱ्या एवढ्या कष्टाने खडकातच का खोदल्या असाव्यात, याचे एक उत्तर मला येथे दिसते. अर्थात हा माझा तर्क आहे.

तिसरे कारण अधिक मूलभूत आहे. राजा बिंबिसार संघासाठी वेळुवन देतो आणि पुढे अनाथपिंडिक जेतवनासाठी जागा शोधतो, तेव्हा योग्य जागेचे निकष पालित दिले आहेत. गावापासून अतिदूर नको, अतिजवळ नको. दिवसा गर्दी नको, रात्री गलबला नको. आणि जागा ‘गमनागमनसंपन्न’ हवी, म्हणजे जाण्यायेण्यास सोयीची, ज्याला इच्छा होईल त्याला पोहोचता येईल अशी. एकान्त हवा, पण वाट बंद नको. अरण्यातील शयनासनालाही विनयाने गावापासून किमान पाचशे धनुष्यांचे अंतर सांगितले आहे. ते अंतर असे आहे की एकान्तही साधतो आणि सकाळी भिक्षापात्र घेऊन गावात जाऊन परतताही येते. कान्हेरीच्या एका लेखात मंगलस्थान गावातील शेत संघाला दिल्याची नोंद आहे. हे मंगलस्थान म्हणजे आजचे बोरिवलीतील मागाठाणे. डोंगरावरचा विहार आणि पायथ्याचे शेत यांना जोडणारी वाट नसेल तर दोन्ही दाने अपुरी राहतात. म्हणून विहार या संकल्पनेतच वाट अंतर्भूत आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पालित वाटेला शब्दही पुष्कळ आहेत आणि ते काटेकोर आहेत. ‘मग्ग’ हा सर्वसाधारण शब्द. ‘अञ्जस’ म्हणजे सरळ वाट. ‘सकटमग्ग’ गाड्यांचा, ‘जंघमग्ग’ पायी चालणाऱ्यांचा. ‘एकपदिक’ म्हणजे एका वेळी एकच पाऊल मावेल अशी, आपण जिला पायवाट म्हणतो ती. ‘अद्धान’ म्हणजे लांबचा पल्ला, आणि ‘चंकम’ म्हणजे जिथे पोहोचायचेच नसते, फक्त जागृत मनाने येरझारा घालायच्या असतात अशी वाट. अंगुत्तरनिकायात चंकमाचे पाच लाभ सांगताना पहिला लाभ ‘दूरचे चालणे सोसवते’ असा अगदी व्यवहारी सांगितला आहे, आणि पाचवा ‘त्यातून लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते’ असा. पाय आणि चित्त यांची अशी एकत्र मांडणी करायला तथागतांना संकोच वाटला नाही. कान्हेरीच्या पायऱ्या अर्थातच जंघमग्ग. काही ठिकाणी त्या इतक्या अरुंद आणि चढ इतका तीव्र की बाजूला खडकातच हाताला आधार देणारा कठडा ठेवलेला आहे. म्हाताऱ्या थेरांचा विचार करणाऱ्या कोणा कारागिराचे ते काम असावे.

अरण्यात चालणाऱ्याने कसे वागावे, याविषयी चुल्लवग्गातील वत्तक्खंधकात एक प्रसंग आहे, तो आजच्या गिर्यारोहकांनीही वाचावा असा आहे. काही भिक्खू अरण्यात राहत होते. तेथे चोर आले. त्यांनी विचारले, पाणी आहे का? नाही. विस्तव आहे का? नाही. विस्तव पाडण्याची अरणी? नाही. आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे? ठाऊक नाही. ही दिशा कोणती? ठाऊक नाही. चोरांनी निष्कर्ष काढला की हे भिक्खू नव्हेतच, हेही चोर असावेत, आणि त्यांना मारहाण करून ते निघून गेले. तेव्हा आरण्यक भिक्खूंसाठी व्रत सांगितले गेले: पिण्याचे पाणी भरून ठेवावे, वापरायचे पाणी ठेवावे, अग्नी आणि अरणी जवळ असावी, आधाराची काठी असावी, नक्षत्रे शिकून घ्यावीत, दिशांचे ज्ञान असावे. या कथेतील विनोद गंभीर आहे. श्रमणाची ओळख चोरांनी चीवरावरून केली नाही. अरण्याची माहिती आणि आल्यागेल्याला देण्यासाठी भरून ठेवलेले पाणी यांवरून ती केली. पुष्कळदा आपण आरण्यक जीवनाचे वर्णन फक्त ध्यानाच्या परिभाषेत करतो. विनयपिटक ते पाण्याच्या घड्यापासून सुरू करते.

पाण्यावरून कान्हेरीची आणखी एक विशेषता सांगितली पाहिजे. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पोढी आहे, आणि पोढ्यांचे दाते पाहिले की या डोंगरावरचे समाजचित्र स्पष्ट होते. पाचव्या लेण्याजवळच्या पोढीवरील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक क्षत्रप कुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती. तिच्या वतीने सतेरक नावाच्या अमात्याने ते पाणी दिले. दुसरी एक पोढी कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराची आहे. राणीची पोढी आणि सोनाराची पोढी यांतील पाणी पिणाऱ्याला त्यांत भेद करता येत नव्हता. आणि त्या दोहोंकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक लोहाराची होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या काळी समाजात उच्चनीचता नव्हती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. विनयातच हीन समजल्या जाणाऱ्या शिल्पांची यादी आली आहे. बुरूड, कुंभार, विणकर, चांभार आणि न्हावी यांची कामे तीत आहेत. परंतु ती यादी कशासाठी आली आहे हे पाहणे महत्त्वाचे. जन्म, कुळ वा कामधंदा यांवरून दुसऱ्या भिक्खूला टोचून बोलणे हा पाचित्तिय अपराध आहे, त्या नियमाच्या विवरणात ती आली आहे. समाज उतरंड मानत होता आणि संघाने ती उच्चारणे दंडनीय ठरवले होते. कान्हेरीचा नंद आपला व्यवसाय लपवत नाही. नावाबरोबर ‘कामार’ असे अभिमानाने कोरून ठेवतो, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो.

याच सह्याद्रीत जुन्नरजवळ नाणेघाटाची वाट आहे. तीही खडकातील, तीही सातवाहनकालीन. तिच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणीचा प्रदीर्घ लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे व हजारो कार्षापणांच्या दक्षिणेची मोजदाद आहे. घाटातून व्यापारी तांडे चालत होते, पण लेख त्यांच्यासाठी नाही. दोन वाटा, दोन लेख. एकीवर दक्षिणेचा हिशेब, दुसरीवर फक्त ‘वाट दिली’ एवढेच.

वाट बांधणे हे पुण्यकर्म असल्याची परंपरा पालित जुनी आहे. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात झाडे लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी देणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे म्हटले आहे. कुलावक जातकातील मघ हा तरुण गावातील तीस जणांना बरोबर घेऊन पहाटे कुऱ्हाडी-पहारी घेऊन निघतो. रस्त्यातले धोंडे बाजूला करतो, गाड्यांचे आस अडकतील अशी झाडे तोडतो, उंचसखल जागा सपाट करतो, बांध घालतो, तळी खणतो, प्रवाशांसाठी शाळा बांधतो. याचा राग कोणाला येतो, तर गावच्या मुखियाला. कारण लोक सुधारल्यामुळे त्याचे दारूचे आणि दंडाचे उत्पन्न बुडते. तो राजाकडे चहाडी करतो, आणि राजा या साऱ्यांना हत्तीच्या पायी देण्याची आज्ञा करतो. हत्ती त्यांना तुडवत नाहीत, हा जातककथेचा भाग झाला. मुखियाचा राग मात्र कथेतला वाटत नाही.

वाट कोणाची, हा प्रश्न आपल्या वाचकांना पुस्तकी नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून, आपल्या पावलांखालची धूळ मागच्या मागे झाडत चालावे लागे, असे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या अभिभाषणात नोंदवले आहे. १९२४ मध्ये केरळातील वायकोम येथे देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब जनसमुदायासह चालत गेले, ते पाण्यासाठी तर होतेच, पण सार्वजनिक म्हटलेल्या जागेपर्यंत चालत जाण्यासाठीही होते. ज्या भूमीत एका कारागिराने सर्वांच्या पावलांसाठी वाट दिली, त्याच भूमीत पुढे पाऊल उमटणे हाच अपराध ठरला. या दोन टोकांमधला इतिहास बाबासाहेबांनी क्रांती आणि प्रतिक्रांती या शब्दांत मांडला. कान्हेरीच्या पायऱ्या त्यातल्या पहिल्या शब्दाचा पुरावा आहेत.

वाटेचे रूपक करण्याची आपल्या प्रवचनकारांना फार सवय आहे. कोठलीही पायरी दिसली की ती अष्टांगिक मार्गाची. मला यात घाई वाटते. तथागतांनी रूपक वापरले ते खऱ्या वाटेचे बारकावे जाणून. गणकमोग्गल्लान सुत्तात ते राजगृहाच्या वाटेचा दृष्टान्त देतात: या वाटेने जा, काही अंतरावर अमुक गाव लागेल, पुढे अमुक निगम, मग राजगृहाची रम्य उपवने आणि तळी दिसतील. असे सांगूनही एक जण भलत्या वाटेने जातो, दुसरा सुखरूप पोहोचतो. यात मी काय करणार, तथागत फक्त वाट सांगणारा आहे, असे ते म्हणतात. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच दृष्टान्त घेऊन बुद्ध हे मोक्षदाता नसून मार्गदाता आहेत असे प्रतिपादन केले. तसेच संयुत्तनिकायातील नगर सुत्तात अरण्यात हिंडणाऱ्या माणसाला एक पुरातन वाट सापडते. पूर्वीच्या माणसांनी तुडवलेली. तिच्या मागाने गेल्यावर त्याला तटबंदी, उपवने व पुष्करिणी असलेले पुरातन नगर दिसते. तो राजाला सांगतो आणि नगर पुन्हा वसते. ही उपमा सुचण्यासाठी अरण्यात बुजलेली वाट डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते.

कान्हेरीची वाट अजून बुजलेली नाही, पण झिजते आहे. सुटीच्या दिवशी, विशेषतः पावसाळ्यात, येथे मोठी गर्दी लोटते. पायऱ्या निसरड्या होतात म्हणून लोक कडेच्या गवतातून चढतात, आणि मग महावग्गातील ती जुनी तक्रार शब्दशः खरी ठरते. बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे सहा-सात किलोमीटर डांबरी रस्त्याने जातात. तेथून पुढे मात्र नंदाच्या काळच्या लोकांप्रमाणे पायीच. उद्यानातील शिलोंडासारख्या इतर निसर्गवाटांवर वनखात्याची परवानगी व सोबत घेऊनच जावे. अभ्यास सहलींना माझी सूचना अशी की चैत्यगृह पाहून लगेच परतू नये. पायऱ्यांनी वर जावे, प्रत्येक पोढीपाशी थांबावे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे तेथे कोरली आहेत. वाट ज्यांनी दिली आणि ज्यांच्यासाठी दिली, त्यांच्याखेरीज तिसरेही कोणी तिच्यावरून चालले होते, याची ही साक्ष.

आणि वाट सत्त्याऐंशीव्या क्रमांकाकडे न्यावी. तेथे कड्याच्या पोटाशी विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत. येथे राहिलेल्या थेरांच्या अस्थींवर ते उभारले होते, आणि त्यांची नावे सांगणारे लहान लेख डॉ. गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केले. ज्या पायऱ्यांवरून ते थेर रोज पाणी घेऊन चढले, त्यांवरूनच त्यांना अखेर येथे आणले गेले असावे.